बघायला आलेला मुलगा पोहे खाता खाता पेंगला. रेल्वे ड्रायव्हरचं घर कसं चालतं?

अबोली_सिन्नर

नमस्कार. मी सिन्नरची, नाशिकमध्ये एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. गेल्या रविवारी सकाळी मला बघायला मुलगा आला होता. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे, मालगाडीवर, नोकरीला तीन वर्षं झाली. शिक्षण डिप्लोमा, माणसं साधी, सगळं जुळत होतं. पण पोहे खाता खाता त्याचे डोळे मिटायला लागले. एकदा तर बशी कलली आणि त्याच्या आईने ती पटकन धरली. माझ्या मावशीला हे फार लागलं. त्यांची पाठ वळल्याबरोबर म्हणाली, "मुलगी बघायला आला होता की झोप काढायला?"

गच्चीवर आम्हा दोघांना बोलायला दिलं तेव्हा त्याने सांगितलं की पहाटे साडेपाचला साइन ऑफ झाला, घरी जाऊन अंघोळ केली आणि तसाच गाडीत बसला. मग म्हणाला, "मला देणंघेणं नको, मानपान नको. ड्युटीवरून आल्यावर झोपू द्यावं, एवढंच." मला ते खरं वाटलं.

नाइट मलाही नवी नाही. पण माझ्या ड्युट्या महिन्याच्या सुरुवातीला कागदावर लागतात. त्याला विचारलं, पुढच्या गुरुवारी कुठे असशील, तर म्हणाला सांगता येत नाही. आई म्हणते मुलगा घुमा आहे, आतलं काही बोलत नाही. घरात दोन तट पडलेत.

होकार द्यायचा की नाही ते माझं मी ठरवेन. मला एवढंच कळायला हवंय की या माणसांचा दिवस, रात्र, सणवार, जेवणखाण कसं असतं आणि घरच्यांना त्यात काय करावं लागतं. ज्यांच्या घरात कुणी इंजिनावर आहे त्यांनी कृपया लिहा.


थळघाट

अबोली, तुला अगंतुगं करतो, माझी धाकटी मुलगी तुझ्याच वयाची असेल. मी १९८४ साली असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागलो. लोको पायलट हा शब्द तेव्हा नव्हता. २०१९ ला मेलवरून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं कसारा घाटात गेली.

आधी पोह्यांचं सांगतो. तुझ्या मावशीला त्या पोराचा राग आला, मला त्याच्या घरच्यांचा आला. नाइट करून आलेल्या असिस्टंटला न झोपवता कार्यक्रमाला आणलंच कसं? संध्याकाळची वेळ ठरवता आली असती. आणि त्याच रात्री त्याला परत ड्युटीचा कॉल आला असेल तर? मला त्या बशीपेक्षा त्या रात्रीची काळजी वाटली.

मेल-एक्स्प्रेसवाल्यांना लिंक असते, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती गाडी हे आधीच ठरलेलं. मालगाडीला लिंक नाही. वाघिणी भरल्या, पुढची वाट मोकळी झाली की लॉबीतून, म्हणजे आमची हजेरी लागते त्या ऑफिसातून, कॉल. त्यामुळे गुरुवारी कुठे असशील याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. त्याने खोटं काहीतरी ठोकून दिलं नाही, हे मला आवडलं.

विश्रांतीचे नियम आहेत. हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ ठाण्याला, ८ तास किंवा जास्त ड्युटी करून आलास तर १६ तास, कमी असेल तर १२. बाहेरगावी रनिंग रूमला, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागी, ८. आठवड्याच्या सुटीला आम्ही पीआर म्हणतो, महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच. ऐकायला १६ तास भरपूर वाटतात. आता हिशोब कर. पहाटे सहाला सुटला तर सोळा तास रात्री दहाला भरतात, आणि कॉल त्याच्या दोन तास आधी येतो. म्हणजे झोपायला मिळालं ते सगळं दिवसाउजेडी, गल्लीत भाजीवाला ओरडत असताना, शेजारी मिक्सर चालू असताना, दारात कुरिअरवाला उभा असताना. आणि परत रात्र इंजिनावर. कागदावर त्याची विश्रांती पूर्ण झालेली असते. ती अंगात किती उतरली हे त्याला ठाऊक असतं आणि त्याच्या बायकोला.

आमच्या वेळी कॉलमन यायचा. काखेत कॉल बुक, हातात बॅटरी. कडी दोनदा वाजवायचा, नाव घ्यायचा, गाडी सांगायचा आणि वहीत सही घ्यायचा. रात्री दीडला सही करताना माझे डोळे नीट उघडलेले नसायचे, पण पेन बरोबर माझ्या नावासमोरच टेकायचं. मी तोंड धुऊन येईपर्यंत बायकोने स्टोव्ह पेटवलेला असायचा. लाईन बॉक्स घ्यायचा. लोखंडी पेटी, त्यात लाल-हिरवी झेंडी, धोका असला तर रुळावर ठेवायचे फटाके, बॅटरी, नियमांची पुस्तकं, चष्मा असेल तर एकाऐवजी दोन, आणि एका कोपऱ्यात पीठ, डाळ, तांदूळ. रनिंग रूमचा खानसामा आपला शिधा घेऊन आपल्याला रांधून द्यायचा. आता कॉल फोनवर येतो, पेटीच्या जागी चाकांची बॅग आली, लॉबीत ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये फुंकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रात्र मात्र तीच आहे.

घाटाचं थोडं सांगतो, नाहीतर झोपेसाठी एवढा आटापिटा कशाला असं तुझ्या मावशीला वाटेल. कसाऱ्याहून इगतपुरीला चढ १ ला ३७. म्हणजे गाडी ३७ मीटर गेली की एक मीटर वर. मागून बँकर इंजिनं लावतात, ती ढकलतात. माझे पहिले ड्रायव्हर खेकड्यावर काम केलेले होते. खेकडा म्हणजे स्विस घडणीचं जुनं विजेचं इंजिन, चालताना एक विचित्र आवाज करायचं म्हणतात. त्या काळी इगतपुरीला वीजसुद्धा बदलायची, मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ हजार व्होल्ट एसी, त्यामुळे तिथे इंजिन बदलावंच लागायचं. असो, विषय लांबला. लोकांना चढ अवघड वाटतो. चढाला फार तर गाडी उभी राहील. अवघड आहे तो उतार. मागे दोन-तीन हजार टन आणि सगळा भार ब्रेकवर. इगतपुरी सोडण्याआधी ब्रेक तपासायचे, हवेच्या दाबाचा काटा पाच किलोवर आहे ना बघायचं. घाटात कॅच सायडिंग आहे, डोंगराच्या अंगावर चढत जाऊन संपणारा आंधळा रूळ. खाली येणाऱ्या गाडीने तिथे पूर्ण थांबून दाखवायचं, मग पुढचा मार्ग मिळतो. नाही थांबली तर त्या आंधळ्या रुळावर. पावसाळ्यात, धुक्यात, रात्री तीनला हे सगळं डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजाने करायचं असतं.

आता जे सांगतो ते मी फार कमी लोकांना सांगितलंय. मोठ्या मुलीचं बारसं होतं. मी नाइट करून सकाळी आठला घरी आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. आत्याने माडीवर गादी घालून ठेवली होती. मी गेलो नाही. पोरीचा बाप मी, आणि झोपून राहिलो तर लोक काय म्हणतील? दिवसभर पंगती वाढल्या. संध्याकाळी कॉल आला आणि मी तो घेतला. रात्री भरलेली मालगाडी घेऊन निघालो. अडीच-तीनचा सुमार असेल. माझे डोळे उघडे होते. हे नीट समजून घे, तू नर्स आहेस, तुला कळेल. डोळे उघडे असतात, हात हँडलवर असतो, सिग्नल दिसतो, पण दिसलेलं आत पोचत नाही. आमच्याकडे सिग्नल दोघांनी मोठ्याने पुकारायचा असतो. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, वेग कमी करायचा. असिस्टंट म्हणाला, "यलो!" मीही म्हणालो, "यलो." आणि ब्रेककडे हात गेलाच नाही. त्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि दंडावर जोरात फटका मारून ओरडला, "साहेब, यलो झाला! ब्रेक!"

ब्रेक लावला. भरलेली मालगाडी लगेच थांबत नाही, ती रेटत राहते. लाल दिवा समोर मोठा मोठा होत गेला. थांबलो तेव्हा इंजिन आणि खांब यांच्यात दोन वाघिणींचंसुद्धा अंतर नव्हतं. पुढे पॅसेंजर उभी होती, तिचा मागचा लाल दिवा लुकलुकताना दिसत होता. आम्ही दोघं कितीतरी वेळ काही बोललो नाही. मग त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला. माझा हात एवढा थरथरत होता की निम्मा चहा पॅन्टवर सांडला.

लाल ओलांडला असता तर नोकरी गेली असती. पण त्या पॅसेंजरच्या मागच्या डब्यात किती माणसं झोपली होती?

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली आणि माडीवरची ती गादी आतल्या खोलीत नेऊन घातली. तेव्हापासून आमच्या घरात माझी झोप कोणत्याही कार्यासाठी मोडली नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत कानात कापूस घालून झोपलो होतो, कारण रात्री मला गाडी होती. माहेरच्यांची बोलणी तिने खाल्ली. मला एका शब्दाने ऐकवलं नाही.

ताशी ११० ने गाडी चालली असेल तर एका सेकंदाला तीस मीटर जाते. डोळा तीन सेकंद मिटला की नव्वद मीटर. तो पोरगा गच्चीवर तुझ्याकडे जे मागत होता ते स्वतःसाठी मागत नव्हता.


रोजचा_प्रवासी

काका, वाचून अंगावर काटा आला. पण आता कवच वगैरे येतंय ना? मग ड्रायव्हरवर एवढा भार राहणार नाही असं वाटतं. आणि पगारही चांगला असतो असं ऐकून आहे.


थळघाट

कवच चांगली गोष्ट आहे आणि लवकरात लवकर सगळीकडे यावी. लाल ओलांडायला लागलास किंवा वेग हाताबाहेर गेला तर यंत्र स्वतः ब्रेक लावतं. दक्षिण मध्य रेल्वेवर आधी बसली, २०२५ मध्ये मथुरा ते कोटा झाली. माझ्या त्या रात्री ती असती तर बरं झालं असतं.

पण रुळावर पडलेली दरड तिला दिसत नाही. फाटकात अडकलेला ट्रॅक्टर दिसत नाही. आजही इंजिनात एक यंत्र असतं, मिनिटभर हँडल, हॉर्न, काहीच हललं नाही की आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरी कुणी हललं नाही तर ब्रेक लागतो. पेंगणारा हात सवयीने बझर बंद करायचं बटण दाबतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. यंत्राला वाटतं माणूस जागा आहे.

पगार चांगला असतो हे खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अबोली, एक राहिलं. तुझी आई म्हणते मुलगा घुमा आहे. असेलही. पण कधी कधी गप्प राहायला कारण असतं. एकदा संध्याकाळी, उजेड होता, एक म्हातारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन रूळ ओलांडत होती. भाऱ्यामुळे तिला आमची बाजू दिसत नसावी. हॉर्नवरचा हात मी काढला नाही, इमर्जन्सी ब्रेक लावला. गाडी थांबायला जे अंतर लागतं ते लागतंच. असिस्टंट उतरून मागे गेला. मी गार्डला कळवलं, वेळ आणि किलोमीटरचा खांब लिहून घेतला, पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी घेऊन निघालो, कारण मागे बाराशे माणसं होती आणि त्यांना घरी जायचं होतं. इंजिनाच्या पुढच्या कठड्यात गवत अडकलं होतं. ते ताजं होतं, ओलं. शेवटच्या स्टेशनला मी खाली उतरून एक एक काडी हाताने काढली.

घरी आलो तेव्हा बायकोने विचारलं नाही. पाणी तापवून दिलं आणि वरणभात वाढला. मी तिला आठ दिवसांनी सांगितलं. तोवर ती थांबली.


भुसावळची_काकू

अबोली बाळा, माझे मिस्टर आता पॅसेंजरला आहेत, त्याआधी चौदा वर्षं मालगाडीवर होते. थळघाट भाऊंनी लिहिलं ते शंभर टक्के खरं. त्यांच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. मी घराची बाजू सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना मी रडून काढला. दिवसा नवरा झोपलेला, रात्री घरात नाही. शेजारीण विचारायची, तुमचे हे दिवसा झोपतात कसे? माझ्या सासूबाईंनी मला शिकवलं. त्यांचे मालक वाफेच्या इंजिनावर होते, कपडे धुवायला तीन पाणी लागायचं म्हणे. त्यांनी सांगितलं, झोप हा या घरातला पाहुणा आहे, तो आला की सगळ्यांनी हळू चालायचं.

काय काय करते ते सांगते. बेलची वायर काढून ठेवलीय, येणाऱ्याने फोन करायचा. ते झोपले की कुकर लावत नाही, डाळ पातेल्यात शिजवते, वेळ लागतो पण शिट्टी नाही. खिडकीला आतून जुनं ब्लँकेट शिवून लावलंय. भुसावळचा उन्हाळा माहीत असेल, दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो, मग कूलर लागतोच, आणि कूलरच्या घरघरीत बाहेरचे आवाज बुडतात, तेवढं बरं होतं. मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून पायांच्या चवड्यांवर चालायला शिकला. शाळेतून आला की आधी चपलांच्या फळीकडे बघायचा. पप्पांचे बूट असले तर दप्तरसुद्धा हळू ठेवायचा.

त्यांचा फोन माझ्याकडे असतो. नातेवाइकांचे फोन मी घेते, लॉबीचा आला तरच उठवते. एकदा त्यांच्या चुलतभावाने सात वेळा फोन केला. मी उठवलं नाही. काम काय होतं, तर सत्यनारायणाचं आमंत्रण. तो अजून माझ्यावर रागावलेला आहे.

सणाचं म्हणशील तर आमच्याकडे तिथी नाही, ते आले की सण. पाडव्याला पहाटे तीनला ओवाळलंय मी. अंगावर गणवेश, हाताला डिझेलचा वास, रांगोळी दुपारपासून काढून ठेवलेली. एक वर्ष आले ते तुळशीच्या लग्नाला, तेव्हा फराळ उघडला. पहिल्यांदा वाईट वाटायचं. आता माझी मुलगी म्हणते, आई, आपली दिवाळी लांबते.

डबा. हे नीट लक्षात ठेव. इंजिनात बसून एका हाताने खाता यावं असं द्यायचं. रस्सा नाही, फार तिखट नाही, पोट बिघडलं तर जायचं कुठे? मी दशम्या देते, सोबत शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून, नाहीतर गुळाचा खडा. भरीत त्यांना फार आवडतं, पण ते पीआरच्या दिवशी.

आणि भांडण. भांडण होतं, का नाही होणार. पण ड्युटीला निघताना नाही. आल्यावर, झोप झाल्यावर, चहा पिऊन झाला की मग मी काढते विषय. कधी कधी तीन दिवस जुना असतो. तोवर निम्मा राग विरलेला असतो, उरलेला मी सोडत नाही.


डबल_यलो

अबोलीताई, मी स्वतः असिस्टंट लोको पायलट आहे, मुलगी, चार वर्षं झाली. नोकरीचं थोडं सांगते, म्हणजे घरच्यांना उत्तर देता येईल. आधी परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड, मग मेडिकल ए-वन, म्हणजे नजरेची सगळ्यात कडक तपासणी. चष्मा असेल तर बाद, लेसर करून घेतलं असेल तरी बाद, रंग ओळखता आले नाहीत तर बाद. सुरुवातीची बेसिक १९,९००, शिवाय जेवढं चाललो तेवढा किलोमीटर भत्ता. पुढे सिनियर असिस्टंट, शंटिंग, मालगाडी, पॅसेंजर, मेल अशी चढती. दर काही वर्षांनी परत मेडिकल, पंचेचाळिशीनंतर दर दोन वर्षांनी, पंचावन्ननंतर दरवर्षी. म्हणजे तुमच्या मिस्टरांची तब्येत नेहमी तपासलेली असेल!

काकूंनी पोट बिघडण्याचं लिहिलं, त्यावर मला बोलायचंच आहे. बहुतेक इंजिनांत टॉयलेट नाही. आता काही इंजिनांत बसवायला लागलेत, एसी केबिनही येतेय, पण मला रोज मिळतं ते इंजिन जुनं असतं. सहा-सात तास सिग्नलची वाट बघत लूप लाईनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायचं, बाजूला नुसतं रान. मी ड्युटीच्या आधी पाणी पीत नाही. दोनदा युरिन इन्फेक्शन झालं. पाळीच्या दिवसांत काय होतं ते तुम्ही नर्स आहात, मी लिहीत नाही. हे बदलायला हवं, आणि मी ते प्रत्येक बैठकीत उभी राहून सांगते.

तरी नोकरी सोडावीशी वाटत नाही. सातारच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या तेव्हा भारतात दुसरी बाई इंजिनावर नव्हती. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. त्या आल्या तेव्हा इंजिनात आजच्याइतक्यासुद्धा सोयी नव्हत्या.

माझ्या लग्नाचं तुमच्या उलट झालं. दोन स्थळं परत गेली, कारण सून रात्री घराबाहेर. तिसऱ्या ठिकाणी मुलाने विचारलं, कॉल आला की तुला लॉबीपर्यंत सोडायला कोण येतं? म्हटलं, एकटी जाते. म्हणाला, मग मी येईन. येतो. अडीचला असो की चारला. परत जाऊन झोपतो आणि नऊला बँकेत जातो.

तुमच्या दोघांच्या नाइट असतील, तर एक काम करा. त्याचा पीआर कधी आहे हे लागलीच विचारून घेत जा आणि तुमचा वीकली ऑफ जमेल तेव्हा बदलून तिथे लावा. त्याला बदलता येत नाही. तुम्हाला कदाचित येईल.


अबोली_सिन्नर

सगळ्यांचे मनापासून आभार. थळघाट काका, तुमचं लिहिलेलं मी मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. बारशाच्या जागी ती उठून आत गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, पुढचं वाच.

काल दुपारी दीडला मी त्याला फोन केला, उचलला नाही. आधी मनात आलं ते आलंच. मग परत केला नाही. पावणेसहाला त्याचा आला. म्हणाला, सात तास झोपलो, आज कॉल रात्री अकराच्या पुढे येईल असं दिसतंय, बोल. अर्धा तास बोललो. घुमा नाही तो. घाटातल्या पावसाबद्दल खूप बोलतो.

आई-बाबांना मी होकार कळवलाय. दुसऱ्या बैठकीला त्याच्या पीआरचा दिवस धरलाय, आणि वेळ संध्याकाळी सहाची.

काकू, दशम्या किती दिवस टिकतात? आणि पीठ नुसत्या दुधात भिजवायचं का?


भुसावळची_काकू

अगं वा! नुसत्या दुधात, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, आणि भाजताना दोन्ही बाजूंनी तेल. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की बुरशी येते. उन्हाळ्यात दोन दिवस टिकतात, थंडीत चार. त्याला एक जास्तीची बांध, असिस्टंटच्या डब्यातलं ड्रायव्हर खातोच.